दारं धरणाऱ्याचं ऑफिस

गेल्या मंगळवारी आमच्या पुण्याच्या ऑफिसात एसीवरून बरीच मेलामेली झाली. माझ्या बरोबर डोक्यावर एसीची जाळी आहे. अकरा वाजेपर्यंत बोटं गार पडतात, टायपिंग चुकायला लागतं. मी मेल टाकला, आणखी चौघांनी त्याला दुजोरा दिला. जेवणाच्या सुट्टीआधी मेंटेनन्सवाला शिडी घेऊन हजर. त्यानं जाळीची दिशा बदलली, तापमान २४ वर आणलं. दोन तासांत विषय संपला.

त्याच रात्री, पहाटे साडेचारला वहिनीचा फोन आला. "भाऊजी, ह्यांचा फोन लागत नाहीये. साडेबाराला कांद्याला पाणी भरायला गेलेत."

आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठाला. आजूबाजूला ऊस आणि उसात बिबट्या. वहिनीच्या मनात काय आलं असेल ते वेगळं सांगायला नको. शेवटी शेजारच्या वस्तीवरचा पोरगा मोटरसायकल घेऊन बांधापर्यंत गेला. दादा ठीक होता, फोन तेवढा बंद पडला होता. सहा वाजता घरी आल्यावर वहिनीनं कोमट पाण्याची बादली पुढं ठेवली. दादानं पाय घातले आणि पाणी लाल झालं. अंगठ्याशेजारी फावडं लागलं होतं. कधी लागलं, त्याला पत्ताच नव्हता. पाय इतके बधिर झाले होते. पाच टाके पडले.

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. कांद्याला किंवा गव्हाला पाटानं पाणी देताना माणूस शेतात उभाच लागतो. एक वाफा भरला की फावड्यानं त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. चप्पल चिखलात रुतते, म्हणून बहुतेक जण अनवाणीच. डोक्याला कानटोपी, अंगावर दोन स्वेटर, एका हातात बॅटरी, आणि गुडघ्याखाली गार पाणी. बाहेर पारा सहा-सातवर. शेकोटी पेटवली तरी तिच्याजवळ बसायचं कधी? तोवर वाफा फुटतो. चार-पाच रात्री असं केलं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. आई त्यावर आजही हळद-तेल लावते.

हे रात्रीच का करायचं? कारण थ्री फेज लाईट तेव्हा येते. आमच्या फीडरला काही दिवस दिवसा लाईट असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी साडेबाराला सुरू होते. दिवसा आणि संध्याकाळी शहरांची, कारखान्यांची मागणी चढते. मध्यरात्रीनंतर ती उतरते, पण कोळशावरची केंद्रं रोज रात्री बंद करून सकाळी सुरू करता येत नाहीत. मग ती वीज कुठं खपवायची? शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे केलेलेच आहेत. तिकडं सोडायची. हिशेब म्हणून यात चूक काही नाही. फक्त त्या हिशेबात पाण्यात उभा असलेला माणूस कुठंच धरलेला नाही.

आता काही जण म्हणतील, ऑटो स्विच बसवा. बसवलाय. त्यानं मोटर आपोआप चालू होते, वाफा आपोआप फुटत नाही. ठिबक करा? द्राक्षाला केलंय. सगळ्या कांद्याला करायचं तर अनुदान धरूनही आधी खिशातून पैसे घालावे लागतात, आणि कांद्याचा भाव काय असतो ते तुम्ही बातम्यांत वाचताच. ज्याला परवडतं तो सालगडी पाठवतो. म्हणजे थंडी तीच, पाय दुसऱ्याचे.

दर हिवाळ्यात 'निफाड गारठलं' अशी बातमी येते. सोबत द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो असतो. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत धूर करतात, ठिबक चालू ठेवतात. ते करायलाच हवं, वर्षाचं पीक असतं. पण शेजारच्या रानात दारं धरणारा त्या फोटोत कधी दिसत नाही.

कारखान्यात कामगाराला सोसवेल असं तापमान ठेवायची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमातच, कलम १३ मध्ये लिहून ठेवलेली होती. शेतात मालकही दादा आणि मजूरही दादाच. त्यानं मेल कुणाला टाकायचा? वीज कंपनीच्या कार्यालयात गावानं तीनदा निवेदन दिलंय. पोच मिळाली.

यावर इलाज नाही असं नाही. सूर्य दिवसाच असतो आणि दादाला पाणीही दिवसाच हवंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, इतकी साधी कल्पना. जिथं ती पोचली तिथं रात्रीचं जाणं थांबलं. माझ्या मामेबहिणीच्या गावात थांबलंय, ती सांगते की आता दारं धरायला घरातल्या बायाही जातात. आमच्या उपकेंद्राला जागेची मोजणी झाली, पुढं काय झालं ते कुणी सांगत नाही. थंडी निसर्गाची, मान्य. पण पहाटे तीनला पाण्यात उभं राहायची वेळ निसर्गानं ठरवलेली नाही. ती वेळापत्रकानं ठरवलीय, आणि वेळापत्रक बदलता येतं.

सातबाऱ्यावर दादासोबत माझंही नाव आहे. कांद्याच्या पट्टीतला वाटा मी घेतो. फावडं मात्र त्याच्याच पायाला लागतं. मंगळवारी माझी थंडी दोन तासांत मिटली, म्हणून हे लिहायला बसलो.

टाके पडले त्याच रात्री दादा पुन्हा गेला, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून. अर्धा कांदा राहिला होता आणि पाळी चुकली असती तर चार दिवस पाणी नव्हतं.

तुमच्या गावात शेतीला दिवसा लाईट सुरू झाली असेल तर गाव, तालुका आणि ती कशी मिळवली ते लिहा. चौथं निवेदन देताना उपयोगी पडेल.