फोटोत आई का नसते?



मुलगी परदेशात शिकायला गेली, की गावात तिच्याबद्दल दोन तऱ्हेचे बोलणे सुरू होते. कोणी म्हणते, तिची आता चैन आहे. कोणी म्हणते, ती आता आपली राहिली नाही. दोन्ही बोलण्यांत थोडे खरे आणि पुष्कळसे ऐकीव असते. मी सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावची. दोन वर्षांपासून अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात फळे-भाजीपाल्याच्या पॅकिंगचे शिक्षण घेते आहे. इथल्या शहरी जिण्याबद्दल आणि इथे जडलेल्या फोटोच्या छंदाबद्दल चार गोष्टी तुम्हाला सांगायच्या आहेत. छंद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे तुम्ही म्हणाल. पण या छंदाने मला माझ्याच घरातले एक माणूस नव्याने दाखवले, म्हणून हे लिहिणे.

रॉचेस्टर न्यूयॉर्क राज्यात आहे, पण न्यूयॉर्क शहरापासून पाचशे किलोमीटरांहून दूर. शहराच्या मधून जेनेसी नदी वाहते आणि ऐन वस्तीत तिचा धबधबा आहे. त्या पाण्याच्या जोरावर इथे पिठाच्या गिरण्या चालत. १८२५ मध्ये ईरी कालवा पुरा झाला आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा गहू पीठ होऊन नावांमधून दूरवर जाऊ लागला. म्हणून हे ‘पिठाचे शहर’. पुढे गहू पश्चिमेकडे सरकला आणि इथे फळझाडांच्या व फुलझाडांच्या रोपवाटिका वाढल्या. इंग्रजीत पीठ आणि फूल या दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच. त्यामुळे नाव न बदलता ‘पिठाचे शहर’ ‘फुलांचे शहर’ झाले!

इथला हिवाळा मात्र फुलांचा नाही. वर्षभरात सरासरी आठ फुटांच्या आसपास बर्फ पडतो. दुपारी साडेचार-पाचला अंधार होतो. आणि माणसे? माणसे वाईट नाहीत. दार उघडून धरतील, हसून ‘कशी आहेस’ विचारतील, पण उत्तर ऐकायला थांबणार नाहीत. आपल्या गावात पिशवी घेऊन निघाले, की चार ओट्यांवरून ‘कुठं चाललीस गं?’ असे विचारणे होते. इथे कोणी विचारत नाही. पहिला महिना त्याचे सुख वाटले. दुसऱ्या महिन्यात त्याचेच दुःख झाले. एखाद्या रविवारी दिवस मावळे आणि माझ्या ध्यानात येई, आज आपल्या नावाने आपल्याला कोणीही हाक मारलेली नाही.

अशात मी एक जुना, रीळ घालायचा कॅमेरा विकत घेतला. मोबाईल हातात असताना ही उलटी चाल कशाला, असे मैत्रिणी म्हणाल्या. पण हे शहरच कॅमेऱ्याचे आहे. इथल्या जॉर्ज ईस्टमन या गृहस्थाने १८८८ मध्ये ‘कोडॅक’ कॅमेरा बाजारात आणला. लहानपणी वडील वारले, आईने घरात भाडेकरू ठेवून संसार चालवला आणि चौदाव्या वर्षी ईस्टमनची शाळा सुटली. त्याचा कॅमेरा पंचवीस डॉलरचा, आत शंभर फोटोंचे रीळ. रीळ संपले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. कारखान्यात फोटो धुऊन, नवे रीळ भरून तो परत येई. १९०० मध्ये त्याच्या कंपनीने एक डॉलरचा कॅमेरा काढला आणि फोटो साध्या माणसाच्या घरात आला.

शेतकऱ्यांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगते. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर देतात आणि तो धरून ठेवायला जिलेटिन लागते. जिलेटिन येते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून. १९२०च्या दशकात काही जिलेटिनची फिल्म उजेड नीट टिपेना. कंपनीतल्या सॅम्युएल शेपर्ड या शास्त्रज्ञाने शोध लावला, की ज्या जनावरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीची झाडे येतात, त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधकाची काही द्रव्ये किंचित उतरतात. तेवढ्यानेच फिल्म तेज होते! सिनेमाचे पडदे ज्या फिल्मवर उजळले, तिची एक मुळी अशी गुरांच्या चाऱ्यात होती.

याच कंपनीत १९७५ मध्ये स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने रिळाविना चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो टिपून साठवायला तेवीस सेकंद. तुमच्या खिशातल्या मोबाईलचा कॅमेरा त्याच वंशातला. पण फिल्मच्या धंद्यावर बसलेल्या कंपनीला हे आपलेच पोर वेळेवर पोसता आले नाही. १९८२ मध्ये या शहरातली साठ हजारांवर माणसे तिथे कामाला होती. २००७ मध्ये काही इमारती सुरुंग लावून पाडल्या गेल्या आणि २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ती त्यातून सावरली आणि फिल्म आजही बनवते, पण पूर्वीचा पसारा राहिला नाही. एकाच पिकावर गाव बसले, की काय होते ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

माझ्या रिळात छत्तीस फोटो असतात. रीळ महाग, धुणावळ महाग. विहिरीत पाणी कमी असले, की आपण कोणत्या वाफ्याला बारे द्यायचे याचा दहादा विचार करतो. तसेच इथे होते. आधी पाहायचे, थांबायचे, मगच बटण दाबायचे. त्या थांबण्यातच मला शहर भेटले. इथला सार्वजनिक बाजार १९०५ पासून एकाच जागी आठवड्यातून तीन दिवस भरतो. आपल्या आठवडी बाजाराचाच भाऊ. तिथे परवानगी विचारून मी सफरचंदे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकरणीचा फोटो काढला. पुढच्या शनिवारी तो छापून नेऊन दिला. तिने तो न्याहाळला, माझे नाव विचारले, आणि त्यानंतर दर शनिवारी मला त्या नावाने हाक मारली. परक्या मुलखात एक हाक मिळाली, ती या छंदाने.

याच शहरात फ्रेडरिक डग्लस राहत होते. गुलामीत जन्मले, १८३८ मध्ये निसटले, आणि १८४७ पासून इथे वर्तमानपत्र चालवून गुलामगिरीविरुद्ध लढले. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याइतके फोटो कोणाही अमेरिकन माणसाचे निघाले नाहीत, असे अभ्यासक सांगतात. दीडशेहून अधिक सापडले आहेत. ही हौस नव्हती. काळ्या माणसांची विद्रूप चित्रे छापली जात त्या काळात ते ताठ बसून, कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून फोटो काढून घेत. माणूस म्हणून आम्हाला नीट पाहा, हे सांगण्याची ती रीत होती. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले, हे तुम्हाला ठाऊक असेल. डग्लस यांचे ते फोटो पाहताना मला वाटले, आपल्या घरात नीट पाहायचे कोण राहून गेले आहे?

उत्तर शोधायला लांब जावे लागले नाही. पहिल्याच हिवाळ्यात माझी आजी गेली. मला जाता आले नाही. भिंतीवर लावायला तिचा फोटो घरात सापडेना, तेव्हा आधार कार्डावरचा इवलासा फोटो मोठा करून घेतला. चेहरा पुसट, डोळे ओळखू न येणारे. ऐंशी वर्षे राबलेल्या बाईची एवढीच खूण. आमच्या घरात फोटो नाहीत असे नाही. लग्नांचे आहेत, बैलांचे आहेत, नव्या ट्रॅक्टरचे तर हार घालून चार आहेत. त्यांत आजी नाही, कारण ती चुलीपाशी होती.

गेल्या उन्हाळ्यात मी घरी गेले, तेव्हा एक पूर्ण रीळ आईच्या एका दिवसासाठी ठेवले. पहाटेच्या धारेपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत. आई ओरडली, “आगं, साडी तरी बदलू दे! शेणामातीच्या हातांचा कसला फोटू काढतीस?” मी म्हटले, “त्याच हातांचा.” फोटो छापून आले, तसे अण्णांनी ते पाटावर ओळीने मांडले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “छत्तीसात दोनदाच बसलीय ही.” आमच्या सातबाऱ्यावर आईचे नाव नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जाने बायकोचे नाव सहधारक म्हणून लागते. ते बोलणे त्या दिवसापासून घरात निघाले आहे. अर्ज अजून गेलेला नाही. दर फोनला मी विचारते.

तुमच्या घरी कॅमेरा आहेच, मोबाईलमध्ये. चार गोष्टी सांभाळा. भर दुपारी फोटो काढू नका. पदराखाली, टोपीखाली तोंड काळे येते. सकाळचे कोवळे ऊन किंवा ओसरीची सावली चांगली. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, म्हणजे मोबाईल त्या चेहऱ्यापुरता उजेड धरतो. काळी म्हैस राखाडी येत असेल, तर उजेड थोडा कमी करा. आणि मुख्य म्हणजे, ‘नीट उभी राहा’ म्हणू नका. खुरपताना, दळताना, हिशेब करताना काढा.

मोबाईल फुटतो, हरवतो. म्हणून वर्षाकाठी दहा तरी फोटो कागदावर छापून घ्या. मागे नाव, गाव आणि साल लिहा. नाव लिहिताना ‘अमक्याची आई’ असे लिहू नका. तिचे स्वतःचे नाव लिहा.