फॉर्मातला मातृभाषेचा रकाना

परवा रविवारी, ऊन उतरल्यावर, पंचवटी चौकाजवळच्या टपरीवर आम्ही होस्टेलचे चौघं बऱ्याच महिन्यांनी भेटलो. इंजिनिअरिंगला असताना आमच्यात कोणी कोणाला नावानं हाक मारत नसे. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. एक धारणी, एक बाळापूर, एक अमरावती (हा गावातलाच, पण घरी भांडून होस्टेलवर राहायचा) आणि मी दर्यापूर. आता चौघंही पस्तिशीला टेकलो, दोघांची पोटं सुटली, पण नावं तीच राहिली.

विषय निघाला गेमचा. अमरावतीनं पोराच्या नावावर प्लेस्टेशन घेतलं आहे. खेळतो स्वतःच. तो म्हणे, "जीटीए सिक्स १९ नोव्हेंबरले येऊन रायला."

"पयले २०२५ म्हने, मंग २६ मे २०२६ म्हने, आता नोव्हेंबर," बाळापूर म्हणाला. "गेम होय का उड्डाणपूल होय बे?"

हसू नका, आमच्यासाठी हा गंभीर विषय आहे. जीटीए फाइव्ह आला सप्टेंबर २०१३ मध्ये, तेव्हा आम्ही इंजिनिअरिंगला होतो. त्यानंतर नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पोरं झाली, एक कोरोना येऊन गेला, पण पुढचा भाग काही आला नाही. आणि आता येणार तो पुन्हा व्हाइस सिटीत. तेच शहर, जे आम्ही शाळेत असताना नेट कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन फिरलो होतो.

मग जुन्या गोष्टी निघाल्या. व्हाइस सिटी २००२ चा गेम. दर्यापुरात आमच्यापर्यंत पोचायला तीन-चार वर्षं लागली. मी आठवी-नववीत. आमची बॅच पाचवीपासून इंग्रजी शिकणारी. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, तेव्हा आम्ही तिसरीत होतो, म्हणून सुटलो. त्यामुळे गेममधले लोक काय बोलतात हे ठार कळत नसे. पण चीट कोड सगळे पाठ. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेले. 'पँझर' टाइप केलं की रणगाडा, 'ॲस्पिरिन'चं स्पेलिंग टाकलं की तब्येत ठणठणीत, आणि पोलीस मागे लागले की एक लांबलचक शब्द होता, 'लीव्हमीअलोन'. तो एक शब्द नाही, तीन शब्दांवर एक अख्खं वाक्य आहे आणि त्याचा अर्थ 'मला एकटं सोडा' असा होतो, हे मला अकरावीत कळलं.

"मलेही," धारणी म्हणाला. "मी तर थे पोलिसाचं नाव समजत होतो."

खूप हसलो. आणि त्या हसण्यातच धारणीनं हळूच विचारलं, "पोरीले यंदा पयलीत टाकाचं हाय. कोन्त्या शाळेत टाकू?"

त्याची पोरगी सहा वर्षांची. आजवर आजीजवळ गावी राहिली. आता बदलीमुळे तो अमरावतीत आला आहे. पुढच्या महिन्यात शाळा सुरू होतील.

अमरावती स्वतः कॉन्व्हेंटचा. तो लगेच म्हणाला, "इंग्लिश मीडियमले टाक. आपल्याले जे भोगा लागलं थे तिले नको." बाळापूर म्हणाला, "घराजवळ जे असन थे." आणि मी, फेसबुकवर दर २७ फेब्रुवारीला मराठीबद्दल लांब पोस्ट लिहिणारा माणूस, मी छाती काढून सांगितलं, "हे पहाय, जगातले सगळे शिक्षणतज्ज्ञ सांगतात, पोराले मातृभाषेतच शिकवा. मराठी शाळेत टाक."

धारणी माझ्याकडे पाहून हसला. "मातृभाषेत टाकतो नं. शाळा दाखव."

मंडळी, सोळा वर्षांची दोस्ती आहे. मी त्याच्या लग्नाला गेलो आहे. त्याच्या आईच्या हातचं जेवलो आहे. त्याच्या घरी कोरकू बोलतात हे मला चांगलं माहीत आहे. तरी 'मातृभाषा' म्हटलं की माझ्या डोक्यात मराठीच आली. मला उत्तर सुचलं नाही.

मग त्यानं एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती.

पहिलीत असताना गुरुजींनी चित्रांचा तक्ता लावला. एकेका चित्रावर छडी ठेवायची आणि विचारायचं, हे काय? वाघाच्या चित्रावर छडी आली आणि यानं आनंदानं ओरडून सांगितलं, "कुला!" मेळघाटातलं पोरगं. वाघ त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. कोरकूत वाघाला कुला म्हणतात. पण मराठीत 'कुला' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. गुरुजी खालून, सपाटीवरून नवीन आलेले. त्यांना वाटलं, पोरगं घाण बोलून राहिलं. दिली एक ठेवून.

"उत्तर बरोबर होतं बे माहं," धारणी म्हणाला. "पन मी तवापासून वर्गात बोल्लोच नाई. चौथीपरेंत गुरुजी म्हनत, हे पोरगं मुकं हाय."

मला त्या गुरुजींचा राग करायचा नाही. एका खोलीत दोन-तीन वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं की तुमच्या वर्गाची भाषा वेगळी आहे. मेळघाटात कोरकू शिकून घेणारे शिक्षकही आहेत. पण ते स्वतःच्या हौसेनं आणि मायेनं शिकतात. व्यवस्था मात्र असं धरून चालते की मूल महाराष्ट्रात आहे ना, मग मराठी घेऊनच आलं असेल.

कोरकू ही मराठीची बोली नाही, हेही आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतं. वऱ्हाडी बोलणाऱ्या माझ्यासारख्याला 'मले-तुले'चं 'मला-तुला' करायला थोडी शरम आणि थोडे महिने लागतात. कोरकू पोराला अख्खी नवीन भाषा शिकावी लागते. ती मुंडा कुळातली, संथालीची नात्यातली. संथाली २००३ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. कोरकू अजून बाहेरच आहे.

बाळापूर इतका वेळ गप्प होता. त्याची दहावी उर्दू माध्यमातून. तो म्हणाला, "मले त्रिकोन मालूम होता. मुसल्लस म्हनत आमी. अकरावीले सर 'ट्रँगल ट्रँगल' करत, मले वाटे हे काही नवीनच निंगालं." मी म्हटलं, माझंही तेच. 'हायपोटेन्यूज' म्हणजे आपला कर्णच, हे समजायला मला तीन आठवडे लागले. तोपर्यंत मी स्वतःला ढ समजत होतो. गणित येत होतं, फक्त त्याचं नाव बदललं होतं. आणि हे आम्हाला पंधराव्या वर्षी झालं. धारणीला सहाव्या वर्षी झालं, वाघापासून.

"म्हून मले गेम आवडे," धारणी म्हणाला. परतवाड्याला होस्टेलवर आठवीत असताना त्यानं पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहिला. "गेममंदी मिशन फेल झालं की फिरून चालू. कोनी हासत नाई, कोनी मारत नाई. इंग्रजी सगळ्याईलेच येत नोतं. मी एकटा मांगं नोतो."

या वाक्यावर मी घरी येऊन बराच विचार केला. त्या गेममध्ये आमच्यापैकी कोणाचीच भाषा नव्हती. आजही जीटीए फाइव्हच्या मेनूत पोलिश आहे, कोरियन आहे, पण हिंदी नाही, मराठी नाही, उर्दू नाही. पोलंडची लोकसंख्या चार कोटींच्या आत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. तो वेगळा रडण्याचा विषय आहे. पण परकी भाषा असूनही आम्ही तिथे शिकलो. आधी चित्र दिसायचं, मग शब्द यायचा. चुकलं तर पुन्हा संधी मिळायची. आणि सुरुवातीच्या मिशन मुद्दाम सोप्या असायच्या, हात बसावा म्हणून. दुसऱ्या भाषेतली शाळा वाईटच असते असं नाही. सोप्या मिशन न देता पहिल्याच दिवशी शेवटच्या मिशनवर उभं करणारी शाळा वाईट असते.

गेल्या वर्षीचं प्रकरण आठवा. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय निघाला, १७ जूनला तो बदलला, ओरड झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. मी विरोधात होतो, आजही आहे. सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषा लादू नका, असं मीही लिहिलं होतं. धारणीनं ती पोस्ट तेव्हा वाचली होती. तो म्हणाला, "तुही पोस्ट बरोबर होती. पन आमच्या पोट्ट्याइले पयलीत मराठी दुसरी असते, इंग्रजी तिसरी. हिंदी चवथी झाली असती. माही पयली भाषा तुया हिशोबात कोठी होती?"

हिशोबात नव्हती, हे कबूल करतो.

कायदा आपल्याकडे आहे. घटनेचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करायला सांगतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा. ओडिशानं २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांपासून सुरुवात केली आणि पुढे हा उपक्रम २१ भाषांपर्यंत नेला. सुरुवातीची वर्षं घरच्या भाषेतून आणि हळूहळू ओडियाकडे. मराठी नको असं धारणी म्हणतच नाही. मराठीमुळेच आपण शिकलो, नोकरीला लागलो, असं तो सांगतो. त्याला फक्त पूल पाहिजे होता. आणि आपल्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला, मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. तिथे 'कोरकू ते मराठी' या पुलाचं काम होऊ लागलं, तर मराठीचं काही कमी होणार नाही, वाढेलच.

तोवर आपण काय करू शकतो? शाळेच्या दाखल्यावर, जनरल रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, 'मातृभाषा'. बाळापूरच्या दाखल्यावर उर्दू आहे. माझ्या दाखल्यावर मराठी आहे. धारणीच्या दाखल्यावरही मराठी आहे. कोणी विचारलंच नव्हतं, गुरुजींनी सवयीनं भरून टाकलं. रकाना खोटा भरला की पुढचं सगळं खोटं होतं. वर्गात किती मुलं दुसरी भाषा घेऊन आली हे कागदावर दिसत नाही, म्हणून कोणी त्यांच्यासाठी काही मागत नाही. अनुदानित-सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. तुमच्यापैकी कोणी त्या समितीवर असेल, तर जूनच्या पहिल्या बैठकीत एवढंच विचारा, की यंदा पहिलीत आलेली पोरं घरी काय बोलतात? कोरकू, उर्दू, गोरमाटी, गोंडी, वऱ्हाडी, जे असेल ते. ते रकान्यात खरं लिहा. आणि पहिले सहा महिने त्या पोरांच्या घरच्या दहा-वीस शब्दांना वर्गात जागा द्या.

काल रात्री धारणीचा फोन आला. घराजवळच्या मराठी शाळेचा फॉर्म आणला होता. निर्णय त्याचा आणि वहिनींचा. माझ्या भाषणाचा त्यात काही वाटा नाही. म्हणाला, "मातृभाषेच्या रकान्यात काय लिहू?"

मी म्हटलं, "हे तू मले कायले विचारून रायला?"

तो म्हणाला, "लिवलं हाय. कोरकू. फक्त तुले सांगाले फोन केला." मग थोडा थांबून म्हणाला, "पोरीले विचारलं, शाळेत वाघाचं चित्र दाखवलं तं काय सांगशीन? तं म्हन्ते, दोन्ही सांगीन."