सगळं ‘ओके’!

डॉक्युमेंटेशन म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर काय चालतं ते वेगळं सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरची फाईल मागायची, पहिलं पान बदलायचं, झालं! मीही त्याच परंपरेतला. त्यामुळे आठव्या सेमिस्टरला पुण्यातल्या एका कंपनीत इंटर्नशिप लागली आणि पहिलंच काम ‘एका टूलचं डॉक्युमेंटेशन लिही’ असं मिळालं, तेव्हा रूमवर माझी जाम टर उडवली गेली. ‘‘कोडिंग देत नाहीत का रे तुला?’’

टूल छोटंसंच, पायथनमधलं. पण त्याआधी थोडं काफ्का. (घाबरू नका, व्हायवा नाही!) लिंक्डइनमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर २०११ मध्ये ओपन सोर्स झालं. सतत येणारा डेटा ‘टॉपिक’ नावाच्या कप्प्यांत साठतो, आणि ज्याला हवा तो तिथून वाचतो. टॉपिकमध्ये डेटा आणून टाकणारा किंवा तिथून बाहेर नेणारा हमाल म्हणजे कनेक्टर. कोणीही उठून कुठल्याही कप्प्यात हात घालू नये म्हणून परवानग्यांची यादी असते, एसीएल. कोणी, कशावर, काय करायचं ते त्यात लिहिलेलं. यादी नसेल तर डीफॉल्ट उत्तर ‘नाही’. आपल्या गेटवरच्या रजिस्टरसारखंच, फक्त इथला वॉचमन चहा पाजून ऐकत नाही. आमचं टूल कनेक्टरची कॉन्फिग फाईल वाचायचं, यादीशी ताडून बघायचं आणि ‘ओके’ छापायचं.

दोन दिवसांत चार पानं लिहिली. स्क्रीनशॉट, लाल बाण वगैरे. सरांनी चाळून ‘छान’ म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीच्या मॅडमनी माझी पानं समोर ठेवून एक सिंक कनेक्टर लावला, म्हणजे डेटा बाहेर नेणारा. टूल म्हणालं ओके. स्क्रीनवर कनेक्टरसमोर ‘रनिंग’. सकाळी रिपोर्ट कोरा! कनेक्टर ‘रनिंग’ दिसत असताना त्याच्या हाताखालचा टास्क ‘फेल्ड’ असू शकतो, आणि तसंच झालं होतं. लॉगमध्ये कारण होतं: ग्रुप वापरायची परवानगी नाही.

सिंक कनेक्टरला टॉपिक वाचायची परवानगी पुरत नाही. तो ज्या कन्झ्युमर ग्रुपच्या नावाने वाचतो, त्या ग्रुपवरही ‘रीड’ लागतं. ग्रुपचं नाव आपण दिलं नाही तर काफ्का स्वतःच ठरवतं: ‘कनेक्ट’, मधे आडवी रेघ, पुढे कनेक्टरचं नाव. कॉन्फिगमध्ये ते कुठे दिसतच नाही. आमचं टूल फक्त टॉपिक तपासायचं. आणि मला हे माहीत होतं! कोड वाचताना दिसलं होतं. पण ‘टूल काय तपासत नाही’ हे लिहिणं म्हणजे सीनियरच्या कामाला नावं ठेवणं, असं वाटून मी ते गाळलं.

मीटिंगमध्ये सर मॅडमवर घसरले. ‘‘चेक न करता कसं लावता तुम्ही?’’ ‘‘चेक केलं होतं, सर,’’ त्या दोनदा म्हणाल्या. मी शेवटच्या खुर्चीत. डोक्यात एकच गोष्ट, पीपीओ. खरं सांगतो, एक-दोन मिनिटं मी गप्पच बसलो. मग म्हटलं, ‘‘सर, ते मी लिहिलं नव्हतं. माहीत असून.’’

सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यात कोणीतरी सुचवलं, त्या युजरला सुपरयुजर करून टाका, कटकटच नको. मॅडम म्हणाल्या, ‘‘मग वॉचमन कशाला ठेवलाय?’’ त्या एका ग्रुपपुरती परवानगी दिली, टास्क रीस्टार्ट केला. वाचला म्हणून काफ्कातला मेसेज पुसला जात नाही, डीफॉल्ट मुदत ७ दिवसांची. दुपारपर्यंत सगळा डेटा आला.

मग मी आणि मॅडमनी मिळून ती पानं पुन्हा लिहिली. ‘हे टूल काय तपासत नाही’ हा भाग सगळ्यात वर. रूमवर मेकॅनिकलच्या पार्टनरला वाचायला दिलं, तर तो म्हणतो, ‘‘अरे, मग ओके छापताच कशाला?’’ च्यायला! दुसऱ्या दिवशी सरांना विचारून तो शब्दच काढला. आता टूल छापतं, ‘टॉपिक: परवानगी आहे. ग्रुप: तपासलेला नाही.’

पीपीओचा मेल अजून आलेला नाही. विचारू नका.