एकटीने नाटक

“एकटीच? आणि दोन दिवस?” हा आईचा पहिला प्रश्न. नवऱ्याने काहीच विचारलं नाही, त्याला सुटल्यासारखंच झालं असावं :)

तर शनिवारी सकाळी डेक्कन क्वीन, दादरहून लोकल, पार्ल्याला मावशीकडे बॅग टाकली आणि रिक्षाने जुहूला, पृथ्वीवर. नोव्हेंबरातला नाट्यमहोत्सव. शशी कपूर आणि जेनिफर यांनी १९७८ साली सुरू केलेलं हे थिएटर जेमतेम दोनशे जणांचं. तिन्ही बाजूंनी प्रेक्षक, तिकिटावर जागेचा नंबर नाही. आधी या, हवं तिथे बसा. उशीर झाला तर दार बंद. (आपल्याकडच्या ‘आलोच, पाच मिनिटांत’वाल्यांना एकदा इथे पाठवायला हवं.)

दुसऱ्या रांगेत बसले. एवढ्या जवळून नटाच्या कपाळावरचा घामही दिसतो. अर्ध्या तासाने जाणवलं, आज आपण एकदाही शेजारी वळून पाहिलेलं नाही. गेली बारा वर्षं मी प्रत्येक नाटक अर्धं रंगमंचावर आणि अर्धं त्याच्या चेहऱ्यावर बघत आलेय. हसला का? कंटाळला का? मध्यंतरात निघूया म्हणेल का?

रविवारी संध्याकाळचा प्रयोग पाहून रात्रीची गाडी धरली. कर्जतला त्याचा फोन. “कसं होतं?” सांगायला सुरुवात केली आणि घाटातल्या बोगद्यात रेंज गेली. लोणावळ्याला परत आली, पण मी काही फोन लावला नाही.