रात्रीचा थेंब

काचबिंदूचे थेंब आमच्या घरात माझ्याही आधीपासून आहेत. वडिलांच्या वेळी जाबोरांडी नामक ब्राझीलमधील झुडपाच्या पानांतून काढलेले पिलोकार्पिन हा या व्याधीवरचा मुख्य इलाज होता. त्याने बाहुली बारीक होऊन डोळ्यातील द्रवाचा निचरा होई, परंतु भुवया ठणकत आणि दिवेलागणीला सारे घर त्यांना धूसर दिसू लागे. चाळिशीनंतर हा वारसा माझ्याकडे आला तेव्हा १९७८ साली अमेरिकेत मान्यता पावलेले टिमोलॉल इकडे रुळले होते, आणि पुढे, १९९६ साली तिकडे मान्य झालेले लॅटानोप्रोस्टही रोज रात्री माझ्या डोळ्यांत पडू लागले. डोळ्यांतील दाब उतरला, दृष्टीची नस सुरक्षित राहिली. त्या उपकाराचे मोल मी जाणतो.

तथापि वर्षामागून वर्षे गेली तसे डोळे वाळू गेल्यासारखे खुपू लागले, पांढऱ्या भागावर लाली ठाण मांडून बसली, वाचता वाचता अक्षरे विस्कटू लागली, आणि कोरडेपणाच्याच पोटी पाणी वाहू लागले. फ्लुओरेसिनचा रंग घालून निळ्या उजेडात तपासले असता बुबुळावर बारीक हिरवे ठिपके उमटले, तेव्हा कारण उलगडले. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून अशा पुष्कळ औषधांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक घालतात. मळ काढणाऱ्या द्रव्यांच्या जातीचे असल्यामुळे जंतूंचे आवरण फोडणारे हेच रसायन अश्रूंवरचा स्निग्ध थर विस्कळीत करते, श्लेष्म स्रवणाऱ्या पेशी घटवते आणि बुबुळाच्या वरच्या आवरणाला इजा पोहोचवते. एका थेंबातील त्याचा अंश अत्यल्प खरा, परंतु हा थेंब आजन्म पडावयाचा असतो.

परिरक्षकविरहित, एका वेळेपुरत्या कुप्यांची तजवीज झाली आणि माझ्या त्रासाला उतार पडला. तेव्हापासून माझे निश्चित मत आहे की, जळजळीची तक्रार किरकोळ समजून दप्तरदाखल करू नये. डोळे जळतात म्हणून रुग्ण थेंब चुकवू लागतो, आणि काचबिंदूने एकदा हिरावलेली दृष्टी परत मिळत नाही. शिवाय दीर्घकाळ दाह सोसलेल्या नेत्रश्लेष्मलेवर पुढे शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर तिच्या यशाची शक्यताही उणावते. म्हणून रुग्णाने थेंब आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि वैद्याने प्रत्येक भेटीत दाबाच्या आकड्याशेजारी अश्रूंच्या स्थितीचीही नोंद ठेवावी. जन्मभर घ्यावयाचे औषध सोसवेल असे असणे, हा त्या औषधाच्या गुणाचाच भाग होय.