सुंभाचा पीळ

'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण मी गेली वीस वर्षे कॉलेजात शिकवीत आलो आहे. तिचा लाक्षणिक अर्थ मुले परीक्षेत बिनचूक लिहितात. पण खुद्द सुंभाकडे आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचे लक्ष कशाला जाते! माझे गेले ते पुतण्यामुळे. हा चिरंजीव रसायनशास्त्र शिकलेला आणि पालापाचोळ्यातून इंधन काढण्याच्या उद्योगात पुण्यास नोकरी करणारा. मे महिन्यात आम्ही मिठबावला गेलो, तेव्हा मागील दारच्या सोडणांच्या ढिगापाशी तो असा उभा राहिला, की विहीर खणताना जणू तेलच लागले आहे!

सोडण म्हणजे नारळाची जाड साल. पूर्वी कोकणात ही सोडणे खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवीत, मग बडवून काथ्या काढीत आणि त्याचा सुंभ वळीत. चिखलातले सूक्ष्म जंतू सालीचा मऊ भाग खाऊन टाकतात, पण धाग्यापुढे हात टेकतात. असे का, हे पुतण्याने मला सांगितले. झाडाच्या धाग्यात सेल्युलोज असते, आणि सेल्युलोज म्हणजे साखरेच्या मण्यांची माळ. भातातल्या पिठूळ भागातही तेच मणी. फक्त ओवण्याची तऱ्हा निराळी. तेवढ्या फरकाने भात आपल्याला पचतो आणि पेंढा पचत नाही. गाईलाही तो स्वतःला पचत नाही म्हणे. तिच्या पोटातले जंतू तिच्यासाठी पचवतात. शिवाय ह्या माळांभोवती लिग्निन नावाचा चिवट लेप असतो. काथ्यात तो सुमारे ४० टक्के! पीळ म्हणतात तो हाच असावा.

ह्या लेपाशी झुंजायला कारखान्यात पेंढा आधी वाफेने आणि आम्लाने शिजवतात, मग त्यावर बुरशीचे पाचकरस सोडतात. साखर सुटली की यीस्ट तिचे इथेनॉल करते. ह्यातली नामांकित बुरशी दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्धीस आली. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन लष्कराचे सुती तंबू कुजू लागले, तेव्हा शास्त्रज्ञांनी गुन्हेगार शोधून काढला. आमच्या कोकणातला पावसाळा दरवर्षी छत्र्या आणि पुस्तके खातो, पण आम्ही नुसतेच चरफडतो!

पुण्याच्या प्राज कंपनीने २०१७ साली दौंडजवळ असा प्रायोगिक कारखाना उभारला. तिच्याच तंत्राने पानिपतचा मोठा कारखाना झाला. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. वर्षाला दोन लाख टन पेंढा घालावा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल घ्यावे, अशी त्याची योजना. म्हणजे टनामागे दीडशे लिटर.

"आणि आपल्या ढिगाचे?" मी विचारले.

पुतण्या जरा ओशाळला. सोडणात लिग्निन फार, साखर थोडी. आणि ट्रकभर सोडणे म्हणजे निम्मी हवाच. घरोघरचे ढीग गोळा करण्यातच मिळकत संपायची. पेंढ्यातले उरलेले लिग्निनसुद्धा शेवटी बॉयलरखाली जाळून वाफ करतात, असेही तो म्हणाला. मला हसू आले. आमची काकी न्हाणीच्या चुलीत सोडण घालून गेली साठ वर्षे दुसरे काय करते आहे?

खरे तर हा ढीग पूर्वी नव्हताच. बारा माणसांच्या आंघोळीला सोडणे पुरत नसत. शेजारून आणावी लागत. आता घरात काकी एकटी. माडांना ते कोण सांगणार? नारळ पडतात, सोलले जातात, ढीग वाढतो आणि पावसात त्यात पाणी साचून डास होतात. म्हणून तर तिने पुतण्याला हा ढीग दाखवला होता. त्याचे सारे व्याख्यान तिने पायरीवर बसून ऐकले आणि म्हणाली, "झिला, कारखानो कित्याक होयो? तुमी सगळी हय येवन रवा, ढीग आपसूक सरतलो."

ह्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही. पुतण्याने प्रयोगासाठी म्हणून पोतेभर सोडणे पुण्याला नेली. एस.टी.च्या कंडक्टरने पोत्याकडे पाहिले, पोते हलके असल्याची खात्री करून घेतली आणि सामानाचे भाडे लावलेच.