माहितीपटाचा लघुप्रबंध आणि तोंडी पुरावा

माहितीपटावर लघुप्रबंध लिहिताना सगळ्यांत जास्त वेळ जातो तो पडद्यावरच्या माणसाचे पुढे काय झाले हे शोधण्यात. प्रस्तुत लेखकाने चंद्रपूरला राहून असा लघुप्रबंध लिहिला. विषय होता मध्य भारतातील गोंड समाजाचे चित्रण.

पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' 1922 चा. आत कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून त्यात बर्फाचे घर अर्धेच बांधले होते. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजन 1948 मध्ये सुरू झाले आणि त्याचे अनुबोधपट टॉकीजमध्ये मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (2011) चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून उभा राहिला.

अभ्यासाची पद्धत साधी, पण चिकाटीची असते. वहीत तीन रकाने आखायचे: वेळ, दृश्य, आवाज. चित्रपट थांबवत थांबवत एकेक दृश्य उतरवायचे. गोंडांवरच्या चित्रपटांत तिसरा रकाना लवकर बोलू लागतो. ओठ हलतात ते गावकऱ्याचे आणि ऐकू येतो तो निवेदक. अशा नोंदींनी पानेच्या पाने भरली, तेव्हा प्रकरणाचा मुद्दा आपोआप ठरला: पडद्यावरच्या माणसाच्या वतीने बोलते कोण, आणि त्याचे पुढे काय होते.

या प्रकरणातले मुख्य उदाहरण गडचिरोलीतील भामरागडला लागून असलेल्या छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यातले आहे. ऑस्करविजेते स्वीडिश दिग्दर्शक आर्ने सुक्सडॉर्फ यांनी बस्तरच्या मुरिया गोंडांमध्ये 'एन जंगलसागा' चित्रित केला. तो 1957 मध्ये आला, संगीत पंडित रविशंकर यांचे होते. कथा रचलेली होती आणि भूमिका गावकऱ्यांनीच केल्या. गढबेंगाल गावचा चेंद्रू हा मुलगा वाघासोबतच्या दृश्यांमुळे युरोपभर प्रसिद्ध झाला. त्याला स्वीडनला नेले, त्याच्यावर पुस्तक निघाले. मग तो गावी परतला आणि पुढचे सगळे आयुष्य हलाखीत काढून 2013 मध्ये वारला. जगाने चित्रपट जपून ठेवला, माणूस मात्र वाऱ्यावर सोडला. छायाचित्रणाचे कौतुक करणाऱ्या समीक्षेत या गोष्टीला तळटीपेचीही जागा मिळत नाही, हे अजून सलते. सुंदर चौकटीची किंमत कोणी मोजली हा प्रश्न चित्रपट-अभ्यासाचाच आहे. तो समाजकार्याकडे ढकलून मोकळे होता येत नाही.

हा प्रश्न घेऊन प्रस्तुत लेखक भामरागड तालुक्यात गेला. एका वयस्क माडिया गोंड गृहस्थांनी बाजेवर बसून शांतपणे सांगितले, "शूटिंगवाले येतेत, रेला नाचा म्हणतेत. सण नसला तरी ढोल काढाव लागते बाबू. मंग ते जाते, पिक्चर काही दिसत नाही." नानूकच्या अर्ध्या घराचा आणि सणाविना निघालेल्या ढोलाचा प्रकार एकच आहे, असे त्या प्रकरणात मांडले होते.

परीक्षकाने नेमका तोच भाग लाल शाईने खोडला. शेरा होता: "छापील संदर्भ नाही." बस्तरवरच्या परदेशी पुस्तकांतले उतारे मात्र जसेच्या तसे राहिले. ज्या समाजाचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालत आला, त्याच्याकडे छापील पुरावा मागणे म्हणजे त्याला साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरवणे आहे. निवेदकाने जे पडद्यावर केले, तेच इथे कागदावर झाले.

तरीही पुरावा मागणे मुळातच चूक आहे, असे म्हणवत नाही. आठवणीही रचल्या जातात. पाहुण्याला आवडेल ते सांगितले जाते. एकाच गृहस्थाचे बोलणे साऱ्या तालुक्याचे मत म्हणून मांडता येत नाही. तो शेरा आज वाचला की राग येतो आणि त्यातले निम्मे पटतेही. पण उपाय खोडण्यात नाही, तपासण्यात आहे. ध्वनिमुद्रण ठेवावे, गाव आणि तारीख लिहावी, सांगणाऱ्याची संमती घ्यावी, आणखी दोघांना विचारावे, आणि उतरवलेला मजकूर त्याच गावात वाचून दाखवावा.

गडचिरोली-चंद्रपूरच्या महाविद्यालयांतून दरवर्षी या भागावर लघुप्रबंध लिहिले जातात. तिथल्या अभ्यासमंडळांनी अशा तपासलेल्या तोंडी साक्षीला संदर्भसूचीत स्वतंत्र जागा द्यावी, आणि विद्यार्थ्यांनी ती मागून घ्यावी.